बाहेरच्या भिंतीवरचा फळा

"राग मानू नकोस वैजू, पण द्यावी की नको, याचाच विचार करतेय," बोरगेकाकू म्हणाल्या. लेकीच्या, हर्षदाच्या लग्नाचे ब्लाउजपीस असलेली पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "त्या कदमांच्या पूनमचं ऐकलंय मी."

कराडात आमच्या गल्लीत ते न ऐकलेलं कुत्रंसुद्धा नव्हतं. पूनमचा रिसेप्शनचा ब्लाउज माझ्याकडून वेळेत झाला नव्हता. हुक न लावलेला ब्लाउज पिनांवर घालून ती पोरगी स्टेजवर उभी राहिली, आणि त्यातली एक पिन पाठीत टोचत राहिली. लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या कपाळावर आठी आहे ती त्या पिनेची. तिच्या आईनं मग गल्लीतल्या प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, "वैजूच्या लक्षात राहत नाही हो. हात चांगला आहे, पण डोकं नाही."

मी तेव्हा काही बोलले नव्हते. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते आमच्या घरातलं होतं.

"काकू, पिशवी द्या," मी म्हणाले. "लग्नाआधी चार दिवस सगळे ब्लाउज तुमच्या हातात नाही दिले, तर मी ही मशीन विकून टाकीन."

काकूंनी पिशवी दिली. दिली म्हणजे काय, माझ्या हातात आल्यावरही तिचा एक बंद त्यांच्या बोटात होता.

त्या गेल्यावर आमचे हे आतून आले. साखर कारखान्यात वजनकाट्यावर असायचे, त्यामुळं घरातही सगळ्यांचं वजन तेच करायचे. "ऐकलं मी," हे म्हणाले. "बरं झालं, तूच तोंडानं म्हणालीस. ह्या वेळी बोभाटा झाला तर मशीन विकायची. मला तिकडं लोक विचारतात, वहिनी शिवतात की फसवतात."

"विकू," मी म्हणाले. "पण झाला तर."

ह्यांनी मग माझ्या डोक्यावर उपचार सुरू केले. पहिल्यांदा पतसंस्थेची डायरी आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर सुविचार. "रोजचं रोज लिही. मोठी माणसं डायरीशिवाय हलत नाहीत," हे म्हणाले. मी लिहायला लागले. आठवड्याभरात त्या डायरीत आत्याबाईंचा दुधाचा हिशेब आला, मग भिशीतल्या बायकांचे फोन नंबर आले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. एकदा तर हर्षदाच्या मापावर लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण लिहिलेलं सापडलं. छातीचं माप कुठलं आणि मोहरीची डाळ किती, याचा मला अर्धा तास मेळ लागेना.

मग माझा धाकटा भाऊ मंदार पुण्याहून आला. तो कुठल्याशा कंपनीत लोकांची कामं वेळेवर होतायत का, तेच बघायचं काम करायचा. "ताई, डायरी कसली वापरतेस? तुला ॲप टाकून देतो," म्हणाला आणि माझ्या फोनवर बसला. रंगच रंग! जे उशिरा चाललं तर चालेल ते हिरवं, जे लवकर पाहिजे ते पिवळं, आणि जीव गेला तरी झालंच पाहिजे ते लाल. हर्षदाचं नाव त्यानं लाल केलं. रोज सकाळी घंटा वाजायची.

"कुणाचा फोन गं?" आत्याबाई विचारायच्या.

"फोन नाही, आठवण आहे."

"कुणाची?"

"कामाची."

"कामाची आठवण करून द्यायला यंत्र लागतं होय आता," त्या म्हणायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे. एके दिवशी फोनवर ते लाल नाव चमकत होतं, घंटा वाजत होती, आणि त्याच फोनवर उज्ज्वलावन्संचा फोन आला. लाल नाव गायब आणि तिथं वन्संचा हसरा फोटो. "वैजू, आमच्या जाऊबाईंचे दोन ब्लाउज पाठवतेय एसटीतून. परवा दुपारपर्यंत हवेत हं, घरचंच काम आहे."

उज्ज्वलावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, तासगावला दिलेली. मोठं एकत्र कुटुंब. तिथं कुणाच्याही अंगावर नवीन साडी चढली की त्याचा ब्लाउज कराडला यायचा. 'घरचं काम' या दोन शब्दांना आमच्या घरात मोठा मान. घरचं काम सगळ्यांच्या आधी होतं आणि त्याची मजुरी विचारायची नसते.

मी जाऊबाईंचे दोन ब्लाउज शिवून दिले. ॲपमधलं लाल नाव आणखी लाल झालं. मंदार फोनवर म्हणाला, "ताई, तू प्रायोरिटी नीट लावत नाहीस." मी म्हणाले, "बाबा, ती मी लावतच नाही."

त्याला कळलं नाही. मीही पुढं समजावलं नाही.

शेवटी मी माझ्या अकलेनं एक केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं कापड वेगळं बांधायचं, वर नावाची चिठ्ठी टाचायची, आणि सगळे गठ्ठे मशीनशेजारच्या स्टुलावर ओळीनं एकावर एक रचायचे. वरचा गठ्ठा उचलायचा, शिवायचा, खालचा वर येतो. ह्यात डोक्याला कामच नाही. दोन दिवस अगदी सुरेख चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर आत्याबाई त्या ढिगाशी उभ्या. एसटीतून आलेलं वन्संचं नवीन गाठोडं त्यांनी सगळ्यात वर ठेवलं, हातानं नीट थोपटलं, आणि देवाची फुलं काढायला निघून गेल्या. चोरून नाही काही. भाजीत मीठ घालावं इतक्या सहज.

मी चहा प्यायले. दुपारी बाजारात गेले आणि शाळेत असतो तसा एक फळा आणि खडूची पेटी घेऊन आले.

फळा घरात नाही लावला. बाहेर, दाराशेजारी, रस्त्याकडच्या भिंतीवर लावला. खिळा मीच ठोकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शिवणाचा नंबर'. खाली एकापासून नावं. सगळ्यात शेवटी एक ओळ : 'मध्ये कुणाचंही घेतलं जाणार नाही.'

गल्लीला करमणूक झाली. दवाखान्यात बसल्यासारख्या बायका येऊन आपापला नंबर बघायच्या. भाजीची गाडी लावणाऱ्या शेवंतामावशी वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या आणि "अजून लांब हाय व्हय?" म्हणून निघून जायच्या. एकीनंही कुरकुर केली नाही. बोरगेकाकू रोज देवळातून येताना थांबायच्या, हर्षदाचं नाव पाचाचं चार, चाराचं तीन करत वर चढताना बघायच्या आणि मान हलवून पुढं जायच्या.

"घराची शोभा गेली," हे म्हणाले. "ब्लाउजचा कारखाना वाटतोय."

"कारखान्यातच तर काम करता तुम्ही," मी म्हणाले. 

आणि मग सरोजिनीबाई आल्या. उज्ज्वलावन्संच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाईंच्या विहीणबाई. गाडी करून आल्या, सोबत पेढ्यांचा पुडा आणि एक भलीमोठी पिशवी. त्यांच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा येत्या रविवारी ठरला होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय! आत्याबाईंची नुसती धांदल उडाली. पाट मांडला, हळदीकुंकू लावलं, कोऱ्या कपबश्या काढल्या. मुलगी ज्या घरात दिली त्या घरची विहीण म्हणजे आमच्याकडं देवाच्या खालोखाल. तिला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नसतो.

"चार ब्लाउज आहेत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझा, दोन लेकींचे, आणि एक होणाऱ्या सुनेचा. पाठीवर ते गोंडे-बिंडे लावतात ना हल्ली, तसले. शनिवारी गाडी पाठवते न्यायला."

"शनिवारी कशाला, शुक्रवारीच देईल की," आत्याबाई म्हणाल्या. "घरचंच काम."

शुक्रवारी मला हर्षदाचे ब्लाउज बोरगेकाकूंना द्यायचे होते. दोन व्हायचे होते, आणि एकाची नुसती बाही झाली होती. मध्ये हे चार घेतले असते तर हर्षदाही पिना लावून उभी राहिली असती, आणि माझी मशीन दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढली असती.

"मामी," मी सरोजिनीबाईंना म्हणाले, "नंबर लागेल तसे देते. आत्ता तुमचा अकरावा आहे."

 सरोजिनीबाईंना वाटलं, मी थट्टा करतेय. त्या हसल्या. "अकरावा म्हणजे?"

"म्हणजे दहा जणी तुमच्या आधी आल्यात. रविवारपर्यंत नाही जमणार. चालत असेल तर नाव लिहिते."

आणि मी खरंच उठले, बाहेर गेले आणि फळ्यावर लिहिलं. '११. सरोजिनीबाई, तासगाव.' त्या माझ्या मागोमाग दारात आल्या. फळा वरपासून खालपर्यंत वाचला. अकराव्या ओळीच्या वर त्यांची नजर थांबली.

"ही शेवंता भाजीवाली कोण?"

"कोपऱ्यावर गाडी असते त्यांची."

"तिच्या खाली माझं नाव?"

"त्या तुमच्या आधी आल्या होत्या."

सरोजिनीबाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की आत्याबाईंनी पुढं केलेला पेढासुद्धा त्यांनी हातानं बाजूला सारला. "बघितलंत ना विहीणबाई? रस्त्यावर टांगलंय मला. भर गल्लीत. भाजीवालीच्या पायाशी."

माझं चुकलं काय ते मला तेव्हा समजलं. विहिणीला मी नाही म्हणाले, हे एक वेळ पचलं असतं. आजारी आहे, मशीन बिघडलीय, असं काही सांगितलं असतं तर आत्याबाईंनीही सांभाळून घेतलं असतं. पण मी तिचं नाव इतरांसारखंच, इतरांच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. आमच्याकडं मानाच्या माणसाला रांग नसते. ते मी विसरले होते का? छे! खडू हातात घेतला तेव्हाच मला माहीत होतं.

आत्याबाई आत गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी फळा पुसला. अकरावी ओळ नाही, सगळा फळा. 'शिवणाचा नंबर'सुद्धा. पांढरं पाणी भिंतीवरून खाली ओघळलं.

"घे," त्या म्हणाल्या. "गेली सगळी नावं. आता घाल तुझे नंबर. विहीणबाईंचं नाव पहिलं लिही."

समोरच्या ओट्यावर तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवंतामावशींनी गाडी थांबवली होती.  मी खडू उचलला. ओल्या फळ्यावर नीट उमटत नव्हता, तरी दाबून लिहायला लागले. पहिलं हर्षदा बोरगे, मग दुसरं, मग तिसरं. चौथं, पाचवं. कुठंही थांबले नाही, कुठं बघितलं नाही, आत जाऊन गठ्ठे चाळले नाहीत. दहावं शेवंतामावशी. अकरावं सरोजिनीबाई, तासगाव. आणि शेवटची ओळ, तशीच्या तशी.

"आत्याबाई," मी म्हणाले, "माझ्या सगळं लक्षात असतं. पूनमचंही होतं. तिचा ब्लाउज मशीनवर होता तेव्हा तो काढून तासगावचे तीन ब्लाउज तुम्ही माझ्या हातात दिलेत. गल्ली म्हणाली वैजू विसरभोळी, तुमचा मुलगा म्हणाला वैजू विसरभोळी, आणि मी घराची अब्रू म्हणून ऐकून घेतलं. डायरी घेतली, ॲप घेतलं. मला कधी काही लक्षात ठेवायला नकोच होतं. हा फळा माझ्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे. घरचं काम वर ठेवलं की कुणाचं खाली जातं, ते सगळ्यांनी बघावं म्हणून बाहेर लावलाय."

आत्याबाईंच्या हातातलं फडकं टपटप गळत होतं.  सरोजिनीबाईंनी पिशवी उचलली, गाडीत बसल्या आणि गेल्या. पेढ्यांचा पुडा मात्र आमच्याच घरी राहिला.

मी अकरावं नाव पुसलं. पिशवीच गेली तर नाव ठेवून काय करायचं?

संध्याकाळी हे आले ते चप्पल न काढताच बोलायला लागले. वन्संचा फोन आधीच गेला होता. "आईचा अपमान केलास. ताईच्या सासरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आत्ताच्या आत्ता फळा काढ."

"काढते," मी म्हणाले. "मग त्या जागी तुमच्या हातानं एक पाटी लावा. 'इथं पाहुण्यांचं आधी शिवलं जाईल, गिऱ्हाइकांचं उरलं तर.' अक्षर तुमचं चांगलं आहे. लावता?"

"वेड लागलंय का तुला?"

"पाटी लावा, मी फळा काढते. लगेच."

 हे चप्पल काढून आत गेले. फळा तिथंच राहिला. मला आनंद झाला म्हणू? नाही झाला.  पण फळ्यावरचं एक अक्षर मी हलवलं नाही.

हर्षदाचे ब्लाउज शुक्रवारी सकाळी तयार होते, हुकांसकट. बोरगेकाकूंनी एकेक हुक लावून-काढून बघितला आणि मग जाताना मोठ्यानं, आमच्या आत्याबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "डोकं आहे गं बाई तुला." आत्याबाई तेव्हा माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्याशी बोलायचं असलं की त्या भांड्यांशी बोलायच्या. तासगावचा साखरपुडा झाला. आम्हाला बोलावणं आलं, पण मला नाही.

आणि त्यानंतर एका दुपारी उज्ज्वलावन्सं आल्या, एकट्या, एसटीनं. आल्या आल्या आईला भेटायला आत गेल्या नाहीत. सरळ माझ्या मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आणला फळा, लावला भिंतीवर, झालीस मोठी. तिथं मला काय ऐकावं लागलं, ठाऊक आहे तुला? चुलीपासून चावडीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. 'तुझ्या माहेरी आमचं नाव भाजीवालीच्या खाली असतं.' साखरपुड्यात मी पाहुण्यांपुढं बाहेर आलेसुद्धा नाही. स्वयंपाकघरात बसून होते."

"वन्सं, मी तुम्हाला काही—"

"तू गप. अगं, माझ्या माहेरी सगळं लगेच होतं, हवं तेव्हा होतं, एवढीच त्या घरात माझी किंमत होती. तेवढंच होतं गं माझ्याकडं द्यायला." आणि त्या रडायला लागल्या. पदरानं डोळे नाही पुसले, नुसतं पाणी वाहत राहिलं.

 सहा वर्षं मला ह्या बाईचा राग होता. तो त्या एका क्षणात गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या गाठोड्यांच्या पलीकडं कोण उभं होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी घेताना त्यांचा हात वर गेला आणि माझं लक्ष, धंद्याची सवय, बाहीवर गेलं. बाही दोनदा उसवून मोठी केलेली, जुन्या टाक्यांची भोकं तशीच दिसत होती. काखेत रंग उडालेला.

"हा कधी शिवला?"

"आठवत नाही. पोराच्या मुंजीच्या आधी कधीतरी."

"वन्सं, सहा वर्षं तुम्ही माझ्याकडं कापड पाठवताय. सासूबाईंचं, जाऊबाईंचं, नणंदेचं, त्यांच्या शेजारणीचंसुद्धा. त्यात तुमचं एक तरी होतं का?"

त्यांनी डोळे पुसले. विचार करत होत्या. खरंच आठवून बघत होत्या. "माझं कोण विचारतंय," त्या म्हणाल्या.

"मी विचारतेय. माप देता?"

"कापड कुठाय?"

"बाजार पाच मिनिटांवर आहे."

आम्ही गेलो. त्यांनी स्वतःच्या पसंतीनं मोरपंखी कापड घेतलं, आणि मला मध्ये पडू न देता पैसे स्वतःच दिले. परत आल्यावर मी टेप काढली, माप घेतलं. मग त्यांच्या हातात खडू दिला. फळ्यावर तेव्हा तेरा नावं होती. वन्सं गल्लीतल्या रहदारीकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि चौदाव्या ओळीवर सावकाश लिहिलं, 'उज्ज्वला.' तासगाव नाही, आडनाव नाही.

"घरी काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगीन, नंबर लावून आलेय," त्या म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं.

आत आत्याबाईंनी चहा टाकला होता. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण कपबश्या घेऊन बाहेर आल्या त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलल्या. आवाज अगदी मऊ होता.

"वैजू, एवढी लांबून आलीय गं पोरगी. रडून डोळे बघ कसे झालेत. तिचा तरी आधी घे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्सं खुर्चीतून उठल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस," त्या म्हणाल्या. "माझा चौदावा नंबर आहे."